आकड्याला आडनाव नसते म्हणून

पत्राचा सारांश: इंदूरच्या विजयनगर भागातील एका सॉफ्टवेअर कंपनीत नऊ डेव्हलपरांची टीम सांभाळणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. ही टीम वाहतूक व्यावसायिकांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर करते. दिवाळीनंतर मॅनेजरांच्या सांगण्यावरून त्या दर सोमवारी एक तक्ता लावू लागल्या. प्रत्येकाने किती स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराच्या अंदाजाचे गुण) पूर्ण केले, किती कमिट (कोडमधील बदलांच्या नोंदी) केले, किती बग (कोडमधील चुका) बंद केले आणि किती तास नोंदवले, हे त्यात असते. पहिले तीन हिरव्या रंगात आणि शेवटचे दोन लाल रंगात. तीन महिन्यांत दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचे (म्हणजे कामाच्या एका फेरीचे) एकूण पॉइंट 62 वरून 88 वर गेले, पण ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या आणि रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती ग्राहकांना देण्याच्या, तारखाही पुढे सरकू लागल्या. तक्त्यात सतत तळाशी असणारे गृहस्थ टीममधील सर्वांत अनुभवी डेव्हलपर आहेत. ते लोकमान्य नगरात या भगिनींच्या शेजारी राहतात आणि लहानपणापासून त्या त्यांना दादा म्हणतात. टीममध्ये मराठी माणसे हे दोघेच असल्यामुळे ‘मॅडम आपल्या माणसाला वाचवणार’ अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली आहे. मॅनेजरांनी मार्चअखेर अप्रेझलसाठी तळाच्या दोघांची नावे मागितली आहेत. त्या विचारतात: कोणत्या आकड्याला किती वजन दिले म्हणजे क्रमवारी न्याय्य होईल? आणि दादांचे नाव द्यावे की देऊ नये? (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातील एक वाक्य मी तीनदा वाचले. तुम्ही लिहिले आहे, ‘आकड्याला आडनाव नसते, म्हणून मला आकडे हवे आहेत.’ ज्या गावात आडनाव सांगताच समोरचा माणूस मनाशी आपली कुंडली मांडू लागतो, त्या गावात हे वाक्य कोणत्या त्रासातून आले असेल हे मला समजते, कारण मीही याच गावात नोकरी केली आहे आणि ‘तुमच्यातला’ हा शब्द अनेकदा ऐकला आहे. परंतु तुमच्या सगळ्या अडचणीचे मूळही मला त्याच वाक्यात दिसते. तुम्हाला टीमचे काम समजून घेण्यासाठी आकडे नको आहेत. एक अप्रिय निर्णय तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी घ्यावा, यासाठी हवे आहेत. ही इच्छा वाईट नाही, पण आकड्यांच्या अंगी ते बळ नाही.

आकड्याला आडनाव नसेल, पण त्याला जन्म देणारी माणसे असतात. कोणते काम मोजायचे आणि कोणते सोडायचे, हे आधी कुणीतरी ठरवलेले असते. तुमच्या तक्त्यात चार रकाने आहेत. दुसऱ्याचा कोड वाचून त्यातली चूक दाखवणे, नव्या मुलीला सहा वर्षांपूर्वीचे जीएसटीचे मॉड्यूल समजावणे, ग्राहकाने मागितलेली गोष्ट मुळात करण्याची गरजच नाही हे पटवून देणे, या कामांना त्यात रकाना नाही. तुमच्याच पत्रात आहे की दादांचा निम्मा दिवस अशाच कामांत जातो आणि प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात ते सॉफ्टवेअर, बंद पडले की रात्री पहिला फोन त्यांनाच जातो. म्हणजे तक्ता आखला गेला त्याच दिवशी, कुणाच्याही मनात तसे नसताना, त्यांची तळाची जागा ठरून गेली होती. पक्षपात झाला तो रकाने आखताना, आणि तो आपल्या माणसाच्या बाजूने नव्हे, विरुद्ध झाला.

आता 62 आणि 88 या आकड्यांकडे येऊ. ही 42 टक्क्यांची वाढ आहे. नऊ माणसे, तेवढेच तास आणि तोच कोड असताना तीन महिन्यांत काम खरोखर इतके वाढले असते, तर रिलीज लांबली नसती. स्टोरी पॉइंट हा मीटर किंवा किलोसारखा एकक नाही. एखादे काम आपल्याला किती मोठे वाटते याविषयी टीमने आपसांत ठरवलेला तो अंदाज आहे, आणि अंदाज करणारे व त्या अंदाजावर गुण मिळवणारे एकच असतील तर अंदाज फुगणारच. ज्या रॉन जेफ्रीज यांच्याकडे या कल्पनेचा जनक म्हणून बोट दाखवले जाते, त्यांनी स्वतःच पुढे तिच्याबद्दल खेद व्यक्त केला आहे. माझ्यावर विश्वास ठेवण्याचीही गरज नाही, तुम्ही एक साधी परीक्षा घेऊ शकता. सप्टेंबरमध्ये पूर्ण झालेली पाच-सहा कामे निवडा, जुने पॉइंट झाकून ठेवा आणि टीमला आज त्यांचा पुन्हा अंदाज करायला सांगा. तेव्हा तीन पॉइंटचे असलेले काम आज पाच पॉइंटचे झालेले दिसले, तर वाढ कुठून आली ते कळेल. मात्र ही परीक्षा कुणाला पकडण्यासाठी घेऊ नका. तुमच्या टीममधील लोक लबाड नाहीत. दर सोमवारी भिंतीवर आपले नाव लाल रंगात दिसू नये, एवढीच त्यांची धडपड आहे.

या प्रकाराला अर्थशास्त्रात नाव आहे. चार्ल्स गुडहार्ट हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ 1975 साली चलनविषयक धोरणाबद्दल लिहीत असताना त्यांनी असे नोंदवले की एखाद्या आकडेवारीतील नियमितता नियंत्रणासाठी वापरायला घेतली की ती मोडून पडते. पुढे 1997 साली मॅरिलिन स्ट्रॅदर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी हाच विचार सर्वांच्या तोंडी बसेल अशा रूपात मांडला: माप हेच लक्ष्य झाले की ते चांगले माप उरत नाही. यात दोष माणसांचा नाही. माप आणि शिक्षा यांची गाठ बांधली की माणूस मापाची काळजी घेऊ लागतो, आणि काम बाजूला पडते.

मी स्वतः हे पाप केले आहे. अनेक वर्षांपूर्वी एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारी टीम माझ्याकडे होती आणि कुणी किती तक्रारी बंद केल्या याचा फलक मी मोठ्या उत्साहाने लावला होता. दीड महिन्यात बंद तक्रारींची संख्या जवळजवळ दुप्पट झाली आणि बैठकीत माझे कौतुकही झाले. मग एका ग्राहकाचा फोन आला. त्याची एकच तक्रार आम्ही चार वेळा बंद केली होती आणि त्याने ती चार वेळा नव्याने नोंदवली होती. आमच्या फलकावर ती चार यशे होती. तो ग्राहक पुढच्या वर्षी आमच्याकडे राहिला नाही, फलक मात्र बराच काळ राहिला, कारण तो काढायचा म्हणजे कौतुक परत करायचे. तुमच्या मॅनेजरांची अडचणही काहीशी अशीच असेल, हे ध्यानात ठेवून त्यांच्याशी बोला. 88 हा आकडा त्यांनी वर कळवलेला असणार.

संगणकाच्या जगात ही गोष्ट नवी नाही. 1982 च्या सुमारास ॲपलमध्ये डेव्हलपरांनी आठवड्यात किती ओळी कोड लिहिला हे एका अर्जावर भरून द्यावे असा नियम निघाला. तिथले प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन यांनी त्याच सुमारास पडद्यावर चित्रे काढणाऱ्या कोडचा एक भाग नव्याने, अधिक सुटसुटीत लिहून तो कितीतरी वेगवान केला होता, आणि त्यात सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी अर्जावर उणे 2000 असे लिहिले. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे तो अर्ज मागणेच बंद झाले. तुमच्या तक्त्यात उणे आकड्याची सोय नाही. आता तर कोडच्या ओळी यंत्रही लिहून देते. त्यामुळे ओळी आणि कमिट मोजण्यात जो काही थोडाफार अर्थ होता तोही उरलेला नाही.

हे सगळे वाचून तुम्ही म्हणाल की मग मोजायचेच नाही काय? तुमचे मॅनेजरही ‘जे मोजता येत नाही ते सांभाळता येत नाही’ हे वाक्य ऐकवतात, असे तुम्ही लिहिले आहे. सॉफ्टवेअर व्यवस्थापनावर लिहिणारे टॉम डीमार्को यांनी 1982 साली सॉफ्टवेअरच्या संदर्भात जवळजवळ याच अर्थाचे विधान केले होते आणि ते जगभर पसरले. 2009 साली त्याच डीमार्को यांनी आपल्या जुन्या मताचा फेरविचार जाहीरपणे मांडला. ज्या प्रकल्पातून मोठा लाभ होणार आहे त्यावर इतके काटेकोर नियंत्रण लागतच नाही, आणि ज्यावर ते लागते त्यातून फारसा लाभ व्हायचा नसतो, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांच्याइतकी टोकाला जाणार नाही. मोजा, अवश्य मोजा. पण माणसे मोजू नका, कामाची वाट मोजा. एखादे काम मागितले गेल्यापासून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत कुठे चालते आणि कुठे थांबून राहते, हे मोजा.

पत्रासोबत पाठवलेल्या तक्त्यात तुमच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट आहे. त्या चार रकान्यांबाहेर, कोपऱ्यातल्या ‘सुरू असलेली कामे’ या चौकटीत 36 हा आकडा आहे, आणि आठवड्याला साधारण नऊ कामे पूर्ण होतात असे तुम्हीच लिहिले आहे. सकाळी पोह्याच्या दुकानासमोर तीस माणसे उभी असतील आणि दुकानदार मिनिटाला सहा प्लेट देत असेल, तर नव्याने येणाऱ्याला पाच मिनिटे थांबावे लागणार, हे सांगायला इंदुरी माणसाला गणित शिकावे लागत नाही. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकांनी 1961 साली रांगांच्या या संबंधाची रीतसर सिद्धता दिली आणि म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात: आत असलेल्या कामांची संख्या भागिले पूर्ण होण्याचा वेग, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. तुमच्या बाबतीत 36 भागिले 9, म्हणजे चार आठवडे. नऊ जण प्रत्येकी चार-चार कामे उघडून बसले आहेत. हाताशी अनेक कामे असली की एक अडले तर दुसऱ्यावर पॉइंट मिळवता येतात, म्हणून तुमच्या तक्त्यानेच त्यांना ही सवय लावली असावी असा माझा अंदाज आहे. एकावेळी 18 पेक्षा जास्त कामे उघडायची नाहीत असे टीमने ठरवले आणि वेग तोच राहिला, तरी काही आठवड्यांत हा काळ दोन आठवड्यांवर येईल. यासाठी कुणालाही जास्त राबवावे लागणार नाही, फक्त नवे काम उचलण्याआधी दुसऱ्याचे अडलेले काम सोडवायला जावे लागेल.

मग ही कामे कुठे अडतात ते पाहा. तुमच्या ट्रॅकरमध्ये, म्हणजे कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक कामाची प्रत्येक टप्प्यावरची तारीख आपोआप नोंदली जाते. गेल्या दोन महिन्यांतील तीसेक कामे काढून एका दुपारी कागदावर लिहिली तरी पुरे. डेव्हलपरने काम सुरू केले तो दिवस, रिव्ह्यूसाठी (दुसऱ्याने कोड तपासण्यासाठी) पाठवले तो दिवस, रिव्ह्यू झाला तो दिवस, चाचणी संपली तो दिवस, प्रॉडक्शनवर गेले तो दिवस. हे करताना सरासरीच्या नादी लागू नका. दहा कामांपैकी नऊ प्रत्येकी तीन दिवसांत झाली आणि एक 43 दिवस रखडले, तर सरासरी सात दिवस येते, आणि प्रत्यक्षात सात दिवस लागलेले एकही काम त्यात नसते. कामे लागलेल्या दिवसांनुसार ओळीने लावा आणि मधोमध येणारे काम किती दिवसांत झाले ते पाहा, आणि सर्वांत जास्त रखडलेली तीन कामे स्वतंत्रपणे घेऊन टीमसमोर त्यांची कहाणी उलगडा.

इथे एक अवघड शक्यता बोलून दाखवते. ही कामे दादांच्या टेबलावर अडत असतील. सगळ्यांचे रिव्ह्यू तेच करत असतील तर त्यांच्याकडे रांग लागणे स्वाभाविक आहे. ‘दादा वेळ लावतात, पण बारकाईने पाहतात’ या तुमच्या ओझरत्या वाक्यातून मला हा संशय आला. तसे निघाले तर दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरतील: दादा टीमचा कणा आहेत, आणि टीमचा वेग त्यांच्यामुळे अडतो आहे. पहिल्या गोष्टीचे श्रेय त्यांना आहे. दुसरीचा दोष बहुतांशी व्यवस्थेचा आहे, म्हणजे तुमचा आणि मॅनेजरांचा, कारण जुने मॉड्यूल समजणारा दुसरा माणूस इतक्या वर्षांत कुणी तयार केला नाही. तक्ता तुम्हाला यांपैकी काहीच सांगत नव्हता. तो फक्त ‘शेवटचा’ म्हणत होता. दादा चांगला माणूस आहे हे तुम्ही लहानपणापासून जाणता, पण तो कामाचा पुरावा नव्हे, हेही स्पष्टच सांगते. तारखा पाहा आणि मग ठरवा.

टीमच्या पातळीवर नियमित पाहायला मला चार गोष्टी पुरेशा वाटतात, आणि त्या माझ्या नाहीत. डोरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि 2018 साली गूगलने आपल्यात सामावून घेतलेल्या संशोधनगटाने त्या प्रचारात आणल्या: प्रॉडक्शनवर आपण किती वेळा जातो, कोड तयार झाल्यापासून तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, गेलेल्या बदलांपैकी किती बिघडतात, आणि बिघडल्यावर सेवा पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो. पहिल्या दोन गोष्टी वेगाच्या आहेत, दुसऱ्या दोन भरवशाच्या. एकीची हाव सुटली तर दुसरी लगेच बोलते, ही त्यांची खुबी आहे. पण हे मापही टीमचे आहे, माणसाचे नाही, आणि यालाही बक्षीस बांधले तर एका रिलीजचे पाच तुकडे होतील. शिवाय तुमची टीम महिन्यातून दोनदाच रिलीज करते. चारपैकी एक रिलीज बिघडली तर तिला ‘25 टक्के अपयश’ म्हणू नका, चारपैकी एक म्हणा. लहान संख्येला टक्केवारीचा अंगरखा घातला की ती उगाच दरबारी दिसू लागते.

याच कारणासाठी आठवड्याच्या चढउतारावरही फार बोलू नये. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकी संशोधकांनी 1924 साली कारखान्यातील मालाच्या तपासणीसाठी नियंत्रण आलेख सुचवला, त्यामागचा विचार हाच होता की कोणत्याही प्रक्रियेत काही चढउतार मुळातच असतो आणि त्या प्रत्येकाचे कारण शोधत बसणे म्हणजे प्रक्रिया आणखी बिघडवणे. तुमच्या तक्त्यातील लाल रंगाचे तेच झाले आहे. नऊ जणांची कशाच्याही आधारे क्रमवारी लावा, अगदी उंचीनुसार लावा, शेवटचे दोघे निघणारच. टीममधील नऊही जण उत्तम असले तरी दोघांना लाल रंग ठरलेलाच आहे, आणि ते नऊही जणांना कळते.

आपल्या शहराला क्रमांकाचा अभिमान आहे. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 साली इंदूर पहिले आले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे पहिले राहिले, तेव्हा क्रमवारीच वाईट असे मी म्हटले तर शेजारीपाजारी मला बोलू देणार नाहीत. पण हा क्रमांक शहराचा आहे, घराचा नाही, याकडे लक्ष द्या. ओला कचरा आणि सुका कचरा घरातच वेगळा होतो का, गाडी रोज दारात येते का, ओला कचरा पुढे देवगुराडियाच्या बायोगॅस प्रकल्पापर्यंत पोहोचतो का, अशा साखळीवर नजर ठेवली गेली. त्याऐवजी महापालिकेने दर घराने किती किलो कचरा दिला याचे वजन करून गल्लीत यादी लावली असती आणि पहिल्या तीन घरांची नावे हिरव्या रंगात लिहिली असती, तर लोकमान्य नगरातल्या सुज्ञ कुटुंबांनीही कचरा वाढवला असता. तुमचे कमिट आणि बंद केलेले बग यांचे वजन सध्या असेच चालले आहे.

आता मार्चअखेरच्या दोन नावांकडे वळू, कारण तुमची झोप तिथे उडाली आहे. तुमच्यापुढे मला तीन वाटा दिसतात. तक्त्यातील शेवटची दोन नावे जशीच्या तशी द्यायची, ही सर्वांत सोपी. तुमच्यावर कुणी पक्षपाताचा आरोप करणार नाही, आणि ज्या आकड्यांवर तुमचा स्वतःचा विश्वास नाही त्यांच्या आधारे एका माणसाचे वर्ष खराब होईल. दुसरी, नावे देण्यास साफ नकार द्यायचा. तुमच्या पदावरून ते कितपत चालेल हे तुम्हीच ठरवा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा मग नावे वरूनच ठरतात आणि तुम्हाला ईमेलमधून कळतात. तिसरी वाट जास्त कष्टाची आहे आणि मी तीच सुचवते: प्रत्येकाबद्दल एक-एक पान लिहा. या वर्षी त्याने कोणती कामे केली, कोणाला कशात मदत केली, कुठे कमी पडला, पुढच्या वर्षी काय अपेक्षित आहे, प्रत्येक गोष्टीला एखादे प्रत्यक्ष उदाहरण. आकडे त्यात यावेत, पण साक्षीदार म्हणून. निकाल तुमचा आणि खाली सही तुमची. नियमानुसार दोन नावे द्यावीच लागली, तर ती या पानांवरून द्या आणि तक्त्यावरून दिलेली नाहीत हे मॅनेजरांना लिहून कळवा.

दादांच्या पानाबाबत मात्र एक वेगळी खबरदारी घ्या, कारण कुजबुजीला खरे उत्तर तिथेच आहे. तुमचे आणि त्यांचे घरचे संबंध आहेत, हे मॅनेजरांना आजच दोन ओळींच्या ईमेलने कळवा. दादांचे मूल्यमापन दुसऱ्या एखाद्या टीम लीडने, शक्यतो ज्याने त्यांच्याबरोबर काम केले आहे त्याने, स्वतंत्रपणे लिहावे आणि मग तुमचे व त्याचे पान शेजारी ठेवून वाचावे, अशी विनंती करा. नाते लपवून निःपक्ष राहण्यापेक्षा नाते सांगून बाजूला होणे कधीही बरे. ज्या वाचकांच्या टीममध्ये भाचा, शाळेतला मित्र किंवा आपल्याच संस्थेच्या गणेशोत्सवात वर्गणी मागत फिरणारा कार्यकर्ता आहे, त्यांनाही माझे हेच सांगणे आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे अशा ठिकाणी आपला मराठी समाज इतका छोटा आहे की ही वेळ प्रत्येकावर कधी ना कधी येते.

मॅनेजरांकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नका. सप्टेंबरच्या कामांच्या फेरअंदाजाचा निकाल, वाढलेल्या तक्रारींची संख्या आणि 36 भागिले 9 हे साधे गणित, एवढे एका पानावर घेऊन जा. ‘तक्ता चुकला’ असे म्हणण्याऐवजी ‘ग्राहकाला आज चार आठवडे थांबावे लागते, मला ते दोन आठवड्यांवर आणायचे आहे, त्यासाठी एका तिमाहीची मुभा द्या’ असे मागा. वरिष्ठांना वर कळवण्यासाठी आकडा लागतोच. 88 च्या जागी त्यांना दुसरा, खरा आकडा द्या, म्हणजे त्यांचेही काम अडणार नाही.

टीमला सांगणे याहून अवघड जाईल. येत्या सोमवारी तक्ता लावू नका, आणि तो का लावला नाही हे स्वतः उभे राहून सांगा. तक्ता गुपचूप नाहीसा झाला तर लोक समजतील की तो आता फक्त तुमच्या लॅपटॉपवर आहे, आणि मग भिंतीवरच्या यादीपेक्षा न दिसणाऱ्या यादीची धास्ती जास्त वाटेल. जो तरुण तीन महिने सतत हिरव्या रंगात होता, त्याला आधी एकट्याला भेटा. तुम्ही दिलेल्या नियमानुसारच त्याने खेळ केला. नियम आता बदलला म्हणून त्याचे श्रम खोटे ठरत नाहीत. त्याचा उरक खरा असेल तर रिव्ह्यू करण्याचे काम त्याच्याकडे द्यायला हरकत नाही, आणि दादांच्या टेबलावरील रांगेलाही त्याने उतार पडेल.

भिंत मोकळी वाटू लागली तर तिथे एकच आलेख लावा, नावे नसलेला: प्रत्येक पूर्ण झालेल्या कामाला किती दिवस लागले, त्याचा एक-एक ठिपका. वर उडालेला ठिपका दिसला की ‘कोणाचा?’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यात हमखास येईल. त्याचे उत्तर देऊ नका, ‘कुठे थांबला होता?’ एवढेच विचारा. दोन-तीन आठवड्यांत टीमही तसेच विचारू लागते, निदान माझ्या टीमने विचारले होते. आणि तीन महिन्यांनी त्या आलेखाकडे पाहून कुणीच काही बदलत नाही असे दिसले, तर तोही काढून टाका. कुणीच वाचत नाही असा आलेख भरत राहणे हेदेखील कामच असते.

दादांशी बोलणे मार्च संपण्यापूर्वी व्हायला हवे, आणि ते त्यांच्या घरी चहा घेताना नको. ऑफिसात, एका तासाची वेळ ठरवून, तारखांचा कागद समोर ठेवून बोला. कोणत्या टप्प्यावर किती कामे थांबतात हे दाखवा आणि त्यांना विचारा की यातील कोणते दोन मॉड्यूल पुढच्या सहा महिन्यांत दुसऱ्या कुणाला शिकवता येतील, आणि कोणाला. त्यांना राग येईल, कदाचित वाईटही वाटेल; तीन महिने लाल रंगात असूनही ते तुम्हाला एक शब्द बोललेले नाहीत, हे तुम्हीच लिहिले आहे. म्हणून कागद उलगडण्याआधी त्या तक्त्याबद्दल त्यांची क्षमा मागा.

तुमची,
सदरलेखिका